आरोपीची वाक्यं

"पोरींना घेऊन येतो आणि पिक्चर बघूच देत नाही, असला मास्तर," तिकिटं फाडणारा डोअरकीपर त्याच्या जोडीदाराला सांगत होता.

"मग आणतो कशाला?"

"लिहायला. आत काळोखात बसून लिहितात सगळ्या. गेल्या खेपेला मी बॅटरी मारली तर माझ्यावरच खेकसला. म्हणे, दिवा बंद करा, कोर्ट चालू आहे."

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर, वही छातीशी धरून उभी होते. आमचे सर खिडकीपाशी तिकिटांसाठी हुज्जत घालत होते. शुभ्र धोतर, वर बंद गळ्याचा कोट आणि पायांत लष्करी बूट. बुटांना रोज पॉलिश असायचं, धोतराला इस्त्री कधीच नसायची. तिकीटवाल्याला ते विचारत होते, की या चित्रपटात कोर्टाचा प्रसंग मध्यंतराआधी आहे की नंतर. आधी असेल तर मध्यंतरानंतरचे पैसे परत मिळतील का. तिकीटवाल्याने खिडकी लावून घेतली, मग दोन मिनिटांनी उघडून नेहमीप्रमाणे सहा तिकिटं दिली.

फणसवाडीत दुसऱ्या मजल्यावर सरांचा टायपिंग-शॉर्टहँडचा क्लास होता. सहा मशिनं, दोन बाकं, एक लोखंडी कपाट. माझे वडील बोटीच्या कंपनीत कारकून होते. मला त्यांनी कॉन्व्हेंटात घातलं होतं आणि मॅट्रिकनंतर, इंग्रजी चांगलं आहे म्हणून, शॉर्टहँडला घातलं. इंग्रजी चांगलं असणं आणि ते बोलता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मी कुठल्याच भाषेत फारशी बोलत नसे. शाळेत मिस विचारायच्या तेव्हा उत्तर येत असूनही मी बाकाकडे बघत राहायची. सरांनी पहिल्या दिवशी नाव विचारलं तेव्हा ते मी वहीवर लिहून दाखवलं. त्यांनी वही वाचली, परत दिली आणि म्हणाले, "बरं आहे. स्टेनोग्राफरला तोंड नसलेलं बरं."

सर लढाईच्या काळात लष्करात कोर्ट मार्शल लिहून घेणारे कारकून होते. इजिप्त, मग इटली. बंदूक त्यांनी कधी हातात धरली नाही, पण शंभरावर खटले त्यांच्या पेन्सिलीखालून गेले. पेन्सिली ते दोन्ही टोकांना तासत, कारण कोर्टात टोक मोडलं तर साहेब थांबत नाही. तारखा, वेळा सगळं लष्करी. "सतराशे तासांना हजर व्हा," म्हणत. लालबागहून येणारी सुमन दर वेळी बोटांवर मोजून पाच वाजता हे नक्की करायची आणि तरी सव्वापाचला यायची.

मॅटिनीची पद्धत सरांनी स्वतः काढली होती. त्यांच्या मते डिक्टेशनसाठी लढाईच्या इंग्रजी चित्रपटातल्या कोर्टासारखं दुसरं काही नाही. फिर्यादीचा वकील मिनिटाला दीडशे शब्द बोलतो, आरोपी साठ, न्यायाधीश वीस, आणि मध्येच कुणीतरी ओरडतं. शिवाय काळोख. "कागद न बघता लिहिता आलं पाहिजे," सर म्हणत. डाव्या हाताचा अंगठा वहीच्या कडेवर ठेवायचा, ओळ संपली की अंगठा एक बोट खाली घ्यायचा. नाहीतर ओळीवर ओळ चढते. मी हे आठवड्यात शिकले. सुमन कधीच शिकली नाही. तिच्या वहीत तिन्ही साक्षीदार एकमेकांच्या अंगावर चढलेले असत.

कोर्टाचा प्रसंग येईपर्यंत आम्हाला पडद्याकडे बघायला परवानगी होती. कोर्ट आलं की माना खाली. सर स्वतः मात्र बघत आणि पुटपुटत. "कोर्टाचा प्रेसिडेंट मध्ये हवा... टोपी कशाला काढली याने... बचावाचा वकील कुठून आला, बाप श्रीमंत असेल." एकदा ते उठून उभेच राहिले, कारण आरोपीला कोर्टापुढे आणताना नियमाप्रमाणे त्याचा पट्टा काढलेला नव्हता. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, बसा, तुमचा नंबर नाही अजून."

दुसऱ्या दिवशी आम्ही उतरवून आणलेलं वाचलं जायचं, आणि सगळ्यात शेवटी सरांचा एकच प्रश्न.

"आरोपी किती वाक्यं बोलला?"

वाळवंटातल्या चित्रपटातला आरोपी चौतीस वाक्यं बोलला होता. सर हसले. त्यांचं हसणं नाकातून एक श्वास सोडण्याएवढंच होतं.

"चौतीस. कोर्टाने मला चौतीस वाक्यं बोलू दिली असती तर मीसुद्धा एखादा गुन्हा केला असता. आणि वर व्हायोलिन."

"खऱ्या कोर्टात किती बोलतात, सर?" कुणीतरी विचारलं.

"पाच. सहा. त्यांतलं एक 'जी साहेब'."

सरांचं एक वाक्य वर्गाच्या भिंतीवर इंग्रजी टाइपात चिकटवलेलं होतं: ऐकलं ते लिहा, समजलं ते लिहू नका. ते वाक्य त्यांचं स्वतःचंच होतं. खाली त्यांनी सहीही केली होती.

त्या वर्षांत संयुक्त महाराष्ट्राच्या सभा जिकडेतिकडे होत होत्या. मराठीसाठी सरांनी लष्करात असतानाच स्वतःची चिन्हं बनवली होती. इंग्रजी चिन्हांना शेपट्या जोडून केलेली ती भानगड त्यांच्याखेरीज कुणालाच वाचता येत नसे. पुढे मला यायला लागली. मराठीच्या सरावासाठी ते आम्हाला गिरगावातल्या एका सभेला घेऊन गेले. आम्ही पाच जणी आणि सर, पुढच्याच रांगेत, माना खाली घालून लिहितोय. वक्ते रंगात आलेले. इतक्यात मागून आवाज आला, "सीआयडी आहेत. लिहून घेतायत बघा."

बघता बघता लोक उठले. एका माणसाने माझी वही हिसकावली आणि उलटीसुलटी धरून बघायला लागला. सुमन त्याला म्हणाली, "दादा, ह्यां काय तुमका वाचूक येवचां नाय, आमकाच येणा नाय."

तो बिचारा गोंधळला. तोवर सर खुर्चीवर चढले. त्यांनी आपली वही उघडली आणि वक्त्याचं शेवटचं दहा मिनिटांचं भाषण त्याच्याच चालीत वाचून दाखवायला सुरुवात केली. जिथे वक्ता खोकला होता तिथे सर खोकले. जिथे त्याने एका मंत्र्याचं नाव चुकून दुसऱ्याला लावलं होतं तिथे सरांनीही तेच चुकवलं. लोक हसायला लागले, वक्तेही हसले, आणि आम्हाला पहिल्या रांगेत पाणी आणून दिलं. घरी जाताना सर म्हणाले, "खोकलासुद्धा लिहायचा. काय लागेल, कधी लागेल, सांगता येत नाही."

मला पहिली नोकरी सरांच्याच चिठ्ठीवर लागली. ती चिठ्ठी माझ्याकडे आहे. त्यात माझ्या वेगाबद्दल एक ओळ आहे, आणि खाली हाताने लिहिलेलं आहे, की ही मुलगी ऐकलं तेवढंच सांगते. ती चिठ्ठी त्यांनी मला का दिली असेल याचा मी पुष्कळ वर्षं विचार केला आहे.

युद्धकैद्यांच्या छावणीचा एक चित्रपट होता. त्यात एक बारीक अंगाचा शिपाई होता. बाकीचे दाढ्या वाढवून बसलेले आणि हा काचेच्या तुकड्यात बघून भांग पाडायचा. बोलायचा जरा नाजूक. सगळे त्याची नक्कल करत आणि थिएटर हसत होतं. एक धिप्पाड सार्जंट तेवढा हसायचा नाही. तो आपल्या वाट्याचा पाव अर्धा मोडून याच्या ताटलीत ठेवायचा. मध्यंतराच्या थोडं आधी तो बारीक शिपाई पाणी आणायला तारेच्या कुंपणापाशी गेला आणि पहारेकऱ्याने त्याला गोळी घातली. सार्जंट धावला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, कपाळावरचे केस मागे केले. मघाशी हसणारे लोक आता नाकं शिंकरत होते. मध्यंतरानंतर कोर्ट होतं, पण ते दुसऱ्याच कुणाचं, भित्रेपणाबद्दल.

दुसऱ्या दिवशी सरांनी वाक्यांची संख्या विचारलीच नाही.

"तो केस विंचरणारा. त्याचं कोर्ट का नाही झालं?"

मग सुमन म्हणाली, "तो तसलो होतो गो, म्हणान तेका आधीच मारल्यानी."

ती हे मला म्हणाली होती, हळू, पण तिचं हळू सगळ्या वर्गाला ऐकू जात असे. मुली तोंडावर हात धरून हसल्या. मला ते समजलं होतं. समजलं असं मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. आमच्या घरात अशा गोष्टींना शब्दच नव्हते, मराठीत नाही आणि इंग्रजीतही नाही.

सर हसले नाहीत. रागावलेही नाहीत. पेन्सिल तासत म्हणाले, "बरोबर. सुमनला पैकीच्या पैकी. कोर्ट झालं असतं तर चार्ज वाचावा लागला असता. तो वाचला तर सेन्सॉर कापणार. त्यापेक्षा गोळी स्वस्त. मरताना मांडीवर डोकं ठेवलेलं चालतं. जिवंतपणी ठेवलं तर चार्जशीट."

मग ते बराच वेळ बोलले. असा माणूस चित्रपटात दोनच ठिकाणी सापडतो म्हणाले. एक तर तो आपल्या बाजूचा असतो आणि अर्ध्यात मरतो. किंवा शत्रूचा अधिकारी असतो, बोटात अंगठी, खिशात अत्तराचा रुमाल, आणि कोवळ्या कैद्याच्या गालावरून छडी फिरवतो. "आपल्या बाजूचा आणि शेवटच्या पाटीपर्यंत जिवंत, असा मी अजून पाहिलेला नाही. तुम्हाला दिसला तर सांगा. सगळ्यांची तिकिटं मी काढीन, आणि त्या दिवशी लिहायचं नाही, नुसतं बघायचं."

"तुमच्या कोर्टात यायचे असे?" हेसुद्धा सुमनच विचारू शकत होती.

"यायचे," सर म्हणाले. "चार्जचं नाव लाजिरवाणं वर्तन. दोन माणसं, एक ब्लँकेट. एवढं पुरायचं."

"मग काय व्हायचं त्यांचं?"

"पलटणीतली सगळी कंपनी उभी करायची. पुढे बोलवायचं. बाहीवरच्या फिती कात्रीने कापायच्या. पदकं काढून घ्यायची. सक्तमजुरी. पेन्शन नाही. आणि गावच्या पाटलाला एक पत्र. ते पत्रही मीच टाइप करायचो."

त्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला लष्करी रेकॉर्ड कसं करतात ते शिकवलं. सुमनला उभं केलं.

"काल तू क्लासला आली नाहीस, कारण तुझ्या आईला बरं नव्हतं. असंच ना?"

सुमनने मान हलवली.

सरांनी फळ्यावर लिहिलं: 'काल माझ्या आईला बरं नसल्यामुळे मी क्लासला आले नाही.' मग आमच्याकडे वळले. "सुमन काय बोलली?"

"काहीच नाही, सर."

"रेकॉर्डमध्ये ती नऊ शब्द बोलली. कोर्टाचा प्रश्न रेकॉर्डमध्ये ठेवायचा नसतो. प्रश्न गाळायचा आणि त्याचंच उत्तर करायचं. साक्षीदार 'मी' म्हणून बोलतो असं लिहायचं. वाचायला सोपं जातं. साहेबांना असं स्वच्छ रेकॉर्ड आवडायचं. माझं इतकं स्वच्छ असायचं, की सही करताना ते वाचत नसत."

"पण सर," सुमन म्हणाली, "आईक बरां होता. मी काल पिक्चराक गेल्लंय."

वर्ग खो खो हसला. सरांनी फळा पुसला. जरा जास्तच वेळ पुसला असं मला तेव्हा वाटलं, पण मला तेव्हा सगळ्याच माणसांबद्दल काही ना काही वाटत असे आणि मी ते कुणाला सांगत नसे.

तो माणूस आम्हाला पहिल्यांदा दिसला तो थिएटरातच. पाणबुडीचा चित्रपट होता, कोर्ट अगदी शेवटी आलं, बाहेर पडलो तेव्हा बोटं आखडली होती. खाकी शर्ट घातलेला, पन्नाशीच्या आतला एक उंच माणूस जिन्यापाशी भिंतीला पाठ लावून उभा होता. सर दिसल्यावर त्याच्या टाचा जुळल्या.

"साहेब, ओळखलंत?"

सर थांबले. "नाही."

"इजिप्तला. उन्हाळ्यात. मी हवालदार होतो."

"तुमची चूक होतेय," सर म्हणाले, आणि आम्हाला न घेता जिना उतरले. सर कधी आमच्याआधी उतरत नसत. ते पाचही जणी मोजत आणि मग निघत.

तो माणूस आमच्याकडे वळला. "तुम्ही त्यांच्या मुली का?"

"विद्यार्थिनी," सुमन म्हणाली. "फणसवाडीत क्लास हा. तुमका इंग्लिश पिक्चर कळतत?"

"भाषा नाही कळत," तो म्हणाला. "कवायत कळते."

त्यानंतर दोनतीन आठवड्यांनी हरताळ होता. ट्राम बंद, दुकानं बंद, ठाकूरद्वारला पोलिसांच्या गाड्या. माझं घर क्लासच्या शेजारच्याच इमारतीत, त्यामुळे मी गेले. दुसरं कुणी येणं शक्य नव्हतं. सर एकटेच मशिनांना तेल घालत होते. मला बघून त्यांनी हजेरी घेतली. पाचही नावं वाचली, चार जणींपुढे गैरहजर लिहिलं, मग मला एक व्यापारी पत्र टाइप करायला दिलं.

साधारण साडेपाचला जिन्यात पावलं वाजली आणि तो हवालदार दारात उभा राहिला. लोअर परळहून चालत आला होता. चपला हातात होत्या. एकीचा अंगठा तुटला होता. गिरणीत वॉचमन आहे म्हणाला. सरांनी त्याला बसा म्हटलं नाही. मी उठून स्टूल पुढे केलं आणि परत मशिनपाशी बसले.

"साहेब, तुम्ही ओळख देऊ नका, माझी हरकत नाही," तो म्हणाला. "मी पैसे मागायला नाही आलो, सर्टिफिकेट मागायला नाही आलो. एक गोष्ट विचारायची आहे."

सर तेलाच्या डबीचं झाकण लावत होते.

"माझ्याबरोबर पकडला होता तो दत्तू इथेच आहे. लालबागला. अकरा वर्षं आम्ही दोघं गिरणगावातच, तो एका गिरणीत, मी दुसऱ्या. भोंगा झाला की समोरून यायचा. मी फुटपाथ बदलायचो. तो उभा राहायचा, मी जाईपर्यंत. कधी हाक नाही मारली त्याने. आता क्षयाच्या इस्पितळात आहे. खोलीतला एक जण निरोप घेऊन आला, की हवालदारांना एकदा येऊन जायला सांगा. डॉक्टर म्हणतात, आठवडा."

"मग जाऊन या," सर म्हणाले. त्यांनी ओळख दिली ती अशी.

"कसा जाऊ? त्याने जबाब दिला माझ्याविरुद्ध. त्याचा जबाब घेतला तेव्हा मी तापाने आडवा होतो, दवाखान्यात. आठ दिवसांनी मला कोर्टापुढे उभं करून वाचून दाखवला. 'हवालदार हुद्द्याने मोठा असल्यामुळे मी भीतीने विरोध केला नाही.' त्या वाक्यावर मला दोन वर्षं पडली, साहेब. त्याला नुसतं घरी पाठवलं. दोन वर्षांचं मला काही नाही. खडी फोडली, झालं. फिती कापल्या त्याचंही आता काही नाही. पण भीतीने?" त्याने मान हलवली. "मी त्याला भीती घातली असेल का, हे मी चौदा वर्षं आठवून बघतोय. तो खरंच असं बोलला असेल, तर मी कुठल्या तोंडाने जाऊ? आणि बोलला नसेल, तर..."

त्याने हातातल्या चपला गुडघ्यावर ठेवल्या.

खालून मोर्चाच्या घोषणा ऐकू यायला लागल्या, वाढल्या, आणि वाडीच्या तोंडावरून पुढे गेल्या.

"रेकॉर्डला जे आहे ते आहे," सर म्हणाले.

"रेकॉर्ड मला पाठ आहे, साहेब. तो काय बोलला ते विचारतोय. इंग्रजी साहेबांना मराठी येत नव्हतं. सुभेदार दुभाष्या होता, तो वारला. जबाब घेतला त्या तंबूत मराठी समजणारे तुम्हीच उरलात."

सरांनी कोटाच्या खिशातून किल्ली काढली. कपाट उघडलं. कार्बन पेपरच्या गठ्ठ्यांमागून मेणकापडात गुंडाळलेली एक वही काढली. लष्करात नियम होता, की रेकॉर्ड टाइप होऊन सही झाली की शॉर्टहँडच्या वह्या जाळायच्या. नियम मोडणं सरांच्या स्वभावात नव्हतं; ते रिकाम्या रस्त्यातसुद्धा डाव्या बाजूने चालत. तरी ही वही त्यांनी इटलीतून, बोटीतून, दोन बिऱ्हाडं बदलून सांभाळली होती.

त्यांनी ती उघडली, पानं उलटली, एका पानावर थांबले. ओठ हलले. मग त्यांनी वही मिटली, बोट आत तसंच ठेवून.

"माझ्याच्याने होत नाही," ते म्हणाले. हवालदाराकडे नाही, माझ्याकडे बघून. "माझी मराठी चिन्हं तुला येतात. तू वाच. मोठ्याने."

"मी?"

"दुसरं कुणी आहे का इथे?"

मी वही घेतली. कागद पिवळा पडला होता, पण पेन्सिल स्वच्छ होती. अगदी आत्ता लिहिल्यासारखी वळणं. प्रश्न इंग्रजीत, उत्तरं मराठीत, प्रत्येक ओळीच्या आधी प्रश्नाचं किंवा उत्तराचं अक्षर. आधी मी मनात वाचलं. नाव, गाव, नोकरी किती वर्षं. मग साहेबाचा लांबलचक प्रश्न: हवालदार हुद्द्याने मोठा होता म्हणून, भीतीमुळे, तू विरोध केला नाहीस, हे खरं ना? उत्तराचं अक्षर. त्यापुढे कोरं. पुन्हा तोच प्रश्न. उत्तराचं अक्षर, कोरं. तिसऱ्यांदा. कोरं. मग साहेबाचं वाक्य, कारकुनाला उद्देशून: गप्प आहे म्हणजे मान्य आहे, तसं घाला. सरांनी तेही लिहून घेतलं होतं, कारण ते ऐकू आलं होतं. आणि त्याखाली मराठीत एक ओळ होती. तिच्यापुढे इंग्रजीत शेरा होता: विषयाला सोडून, भाषांतर केले नाही.

मी ती ओळ दोनदा वाचली. मान वर केली तेव्हा सर खिडकीकडे तोंड करून उभे होते, हात पाठीमागे. त्या हातात अजून तेल पुसायचं फडकं होतं. मी काय वाचणार ते त्यांना माहीत होतं. वाचता येतं तेवढं सगळं वाचायचं की अर्धं ठेवायचं, हे त्यांनी माझ्यावर सोडलं होतं, की आणखी कशावर, मला कळेना. नुसतं 'ते गप्प होते' म्हटलं असतं तरी हवालदाराचं काम झालं असतं आणि सरांचं नाव कुठे आलं नसतं. मला त्यांनी शिकवलं होतं. मी त्यांच्यासमोर आजवर 'हो सर'च्या पुढे गेले नव्हते.

"ताई," हवालदार म्हणाला. त्याने गुडघ्यावर ठेवलेल्या चपला खाली ठेवल्या. "असेल ते सांगा. तो असं बोलला का?"

"नाही," मी म्हणाले. ते इतकं हळू निघालं, की तो पुढे वाकला.

"काय?"

"नाही बोलले."

"मग ते वाक्य कुणाचं?"

सर वळले नाहीत. मी वही खाली ठेवली, कारण मला आता तिची गरज नव्हती.

"सरांचं," मी मोठ्याने म्हणाले. "ते वाक्य सरांनी लिहिलंय. साहेबांनी तीनदा विचारलं आणि दत्तू तीनदा गप्प बसले. मग त्यांनी आपणहून एकच विचारलं, की हवालदारांचा ताप उतरला का."